एकाच वंशातील वर्षावनवृक्षांच्या पानांतील फरक कसा मोजावा

उष्णकटिबंधीय वर्षावनातील बहुतेक वृक्षांची पाने जमिनीवरून पाहताना एकाच साच्यातली वाटतात: लांबट आकार, अखंड कडा, शेपटीसारखे निमुळते टोक आणि चकचकीत गर्द हिरवा पृष्ठभाग. हीच पाने हातात घेऊन मोजायला बसल्यावर मात्र एकाच फांदीवरची दोन पानेही एकमेकांशी जुळत नाहीत. दोन जातींच्या पानांत फरक आहे असे विधान करण्यापूर्वी एका जातीच्या दोन झाडांत किती फरक असतो, आणि त्याहीपूर्वी एकाच झाडाच्या उन्हातल्या व सावलीतल्या पानांत किती फरक असतो, हे ठाऊक असावे लागते. पुढील पायऱ्या याच क्रमाने, म्हणजे पानापासून झाडाकडे, झाडापासून जातीकडे आणि शेवटी वंशाकडे जाणाऱ्या आहेत.

नात्यातलेच वृक्ष का निवडावेत?

दूरच्या नात्यातील दोन वृक्षांची तुलना केली, तर त्यांच्यात इतक्या गोष्टी वेगळ्या असतात की पानाच्या जाडीतला फरक मातीमुळे आहे, प्रकाशामुळे आहे की कोट्यवधी वर्षांच्या वेगळ्या वाटचालीमुळे, हे सांगता येत नाही. एकाच वंशातील जातींचा बराचसा वारसा समान असतो. त्यामुळे त्यांच्यात जो फरक उरतो, तो तुलनेने अलीकडचा असतो आणि त्याचे कारण शोधणे थोडे सोपे जाते.

वर्षावनात अशा तुलनेसाठी साहित्याची वाण नाही. बोर्निओतील लांबिर येथील 52 हेक्टरच्या कायमस्वरूपी अभ्यासक्षेत्रात वृक्षांच्या सुमारे 1,200 जाती नोंदलेल्या आहेत आणि त्यांतील कित्येक एकाच वंशातल्या आहेत. जांभूळ आणि लवंग ज्या सिझिजियम वंशात येतात, त्याच्या जगभर सुमारे 1,200 जाती आहेत. अमेरिकी उष्णकटिबंधातील इंगा या शेंगावर्गीय वंशात सुमारे 300 जाती असून अ‍ॅमेझॉनच्या काही जंगलांत त्यांतील काही डझन जाती शेजारी शेजारी वाढतात.

पहिली पायरी: प्रश्न नेमका करणे

‘पानांतील विविधता अभ्यासणे’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. नवोदिताने साधारणपणे तीन प्रश्नांपैकी एक निवडावा. अधिवास बदलला की एकाच वंशातील जातींची पाने ठरावीक दिशेने बदलतात का? जवळच्या नात्यातील जातींची पाने दूरच्या नात्यातील जातींपेक्षा अधिक सारखी असतात का? एकत्र वाढणाऱ्या भावंड जाती एकमेकींपासून अपेक्षेपेक्षा अधिक वेगळ्या असतात का? तिन्ही प्रश्नांसाठी मोजायची पाने तीच असू शकतात, परंतु झाडांची निवड पूर्णपणे वेगळी करावी लागते, आणि हा निर्णय जंगलात गेल्यावर नव्हे तर आधीच घ्यावा लागतो.

पहिल्या प्रश्नाचे एक उत्तम उदाहरण पेरूमधील आहे. तेथील अ‍ॅमेझॉनच्या जंगलात पोषकद्रव्ये अत्यंत कमी असलेली पांढरी वाळू आणि तुलनेने सुपीक चिकणमाती या दोन जमिनी जवळ जवळ आढळतात आणि प्रत्येकीवर वाढणाऱ्या जाती वेगळ्या आहेत. पॉल फाइन व सहकाऱ्यांनी 6 वंशांतील 20 जातींची रोपे दोन्ही जमिनींवर लावली आणि काही रोपांवर कीटकांना अडवणारी जाळी बसवली. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात चिकणमातीच्या जातींची रोपे जाळीच्या आत पांढऱ्या वाळूवरही चांगली वाढली. जाळी नसलेल्या रोपांत मात्र वाळूवर तिथल्याच जाती सरस ठरल्या. निव्वळ मातीमुळे वाटणारा फरक पाने खाणाऱ्या कीटकांमुळे टिकून होता. प्रत्येक वंशातून दोन्ही जमिनींवरच्या जाती निवडल्या होत्या, म्हणूनच हा निष्कर्ष काढता आला.

तिसऱ्या प्रश्नाबाबत इंगा वंशावर फिलिस कोली आणि थॉमस कुर्सार यांनी दीर्घकाळ काम केले. एकत्र वाढणाऱ्या इंगाच्या जाती पानांच्या संरक्षणाच्या बाबतीत, विशेषतः रासायनिक संरक्षणात, शेजारणींपासून वेगळ्या असतात, असे त्यांच्या कामातून दिसले. म्हणून केवळ पानाची लांबी-रुंदी मोजून ‘या जाती सारख्याच आहेत’ असे लिहिण्याची घाई करू नये. डोळ्यांना सारखे दिसणारे पान सुरवंटाच्या दृष्टीने अगदी वेगळे असू शकते.

दुसरी पायरी: जाती निश्चित ओळखणे

नात्यातील जातींचा अभ्यास करताना सर्वांत घातक चूक ओळखीतच होते, कारण ज्या पानांवरून आपण जात ओळखतो त्याच पानांतील फरक आपल्याला मोजायचा असतो. पान मोठे म्हणून एक जात आणि लहान म्हणून दुसरी जात असे ठरवले, तर पुढे दोन जातींच्या पानांच्या आकारात फरक ‘सापडणे’ अपरिहार्य आहे. हे चक्र टाळण्यासाठी ओळख पानाच्या आकाराखेरीज इतर खुणांवर आधारावी: साल किंचित खरवडल्यावर दिसणारा रंग, चीक किंवा राळ, वास, उपपर्णे, कोवळ्या फांदीवरची लव, पानाच्या देठावरच्या ग्रंथी आणि मिळाल्यास फुले व फळे. जायफळाच्या कुलात साल कापल्यावर तांबडा रस येतो, तर अंजिराच्या वंशात चीक येतो. कुल आणि वंश या खुणांवरून पटकन कळतात. जात ठरवण्यासाठी मात्र बहुधा हर्बेरियममधील (वाळवलेल्या वनस्पतिनमुन्यांच्या संग्रहालयातील) तज्ज्ञाची मदत लागते.

प्रत्येक झाडाचा एक दाबून वाळवलेला नमुना ठेवावा आणि त्याला मोजमापांच्या नोंदीतलाच क्रमांक द्यावा. पानाचा एक छोटा तुकडा ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये वेगळा वाळवून ठेवल्यास पुढे डीएनए तपासणी शक्य होते. या सर्व कामासाठी वनविभागाची किंवा संबंधित यंत्रणेची लेखी परवानगी आधी घ्यावी. नमुने परदेशी पाठवायचे असतील, तर 2014 पासून अमलात असलेल्या नागोया प्रोटोकॉलनुसार (जैविक संसाधनांच्या वापराबाबतचा आंतरराष्ट्रीय करार) लागणारी कागदपत्रेही पाहावीत. ही कामे कंटाळवाणी असली, तरी परवानगीविना गोळा केलेल्या नमुन्यांवरचे काम पुढे कुठेही स्वीकारले जात नाही.

कायमस्वरूपी अभ्यासक्षेत्र उपलब्ध असेल, तर तेथे काम करणे नवोदितासाठी सर्वांत सोयीचे. पनामातील बारो कोलोरॅडो बेटावर 50 हेक्टरचे असे क्षेत्र 1980 च्या दशकाच्या आरंभापासून आहे. तिथे 1 सेंटिमीटर किंवा त्याहून जाड खोडाच्या प्रत्येक झाडाला क्रमांक देऊन जात नोंदलेली आहे. अशा ठिकाणी ओळखीचे अर्धे काम आधीच झालेले असते.

तिसरी पायरी: कोणते पान घ्यायचे?

या पायरीवर जितका वेळ द्यावा तितका थोडा. तराजू कितीही अचूक असला, तरी चुकीचे पान घेतल्यास त्याची अचूकता वाया जाते.

सर्वप्रथम प्रकाश. पानाच्या दर चौरस मीटर क्षेत्रफळामागे असलेले कोरडे वजन, ज्याला संशोधक एलएमए म्हणतात, हा या क्षेत्रातील सर्वाधिक वापरला जाणारा गुणधर्म आहे. एकाच झाडाच्या शेंड्यावरील उन्हातल्या पानात तो खालच्या सावलीतल्या पानाच्या दीडपट किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. उन्हातले पान लहान, जाड आणि दाट असते. सावलीतले पान मोठे व पातळ असते.

आता यात एक पेच आहे, जो पुष्कळ जणांच्या उशिरा लक्षात येतो. सावलीत गेल्यावर प्रत्येक झाड आपले एलएमए कमी करते. पण समान प्रकाशात वाढलेल्या सदाहरित जातींची तुलना केली, तर सावली सोसणाऱ्या जातींचे एलएमए प्रकाशप्रिय जातींपेक्षा सहसा अधिक असते, कारण त्यांची पाने दीर्घकाळ टिकण्यासाठी बांधलेली असतात. म्हणजे सावलीचा परिणाम झाडाच्या आत एका दिशेने आणि जातींच्या दरम्यान उलट दिशेने जातो. समजा, मॅकरँगासारख्या वंशातून, ज्यात मोकळ्या उजेडात झपाट्याने वाढणाऱ्या आणि सावली बऱ्यापैकी सोसणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या जाती आहेत, एक प्रकाशप्रिय आणि एक सावली सोसणारी जात निवडली. पहिलीची पाने जंगलातल्या मोकळ्या जागेतून आणि दुसरीची घनदाट सावलीतून, म्हणजे ‘जिथे जी सापडते तिथून’ घेतली, तर दोन्हींचे एलएमए जवळपास सारखे येऊ शकते आणि जातींत फरकच नाही असा निष्कर्ष निघेल. खरा फरक प्रकाशाने झाकून टाकलेला असेल.

यावर उपाय दोन. शक्य असल्यास सर्व जातींची पाने समान प्रकाशातून घ्यावीत, आणि काही झाले तरी प्रत्येक पानाच्या जागेचा प्रकाश नोंदवावा. त्यासाठी महागडे उपकरण हवेच असे नाही. वनशास्त्रज्ञ डॉकिन्स यांनी 1958 साली मांडलेली पाच पायऱ्यांची मोजपट्टी आजही वापरात आहे. तिच्यात झाडाच्या माथ्याला वरून आणि बाजूने किती थेट प्रकाश मिळतो हे पाहून 1 ते 5 असा आकडा दिला जातो. दोन जणांनी स्वतंत्रपणे आकडे द्यावेत आणि मग ताडून पाहावेत. पहिल्याच दिवशी दोघांच्या नजरेतला फरक कळतो.

दुसरी गोष्ट पानाचे वय. वर्षावनातल्या अनेक वृक्षांची कोवळी पालवी लालसर किंवा फिकट पांढुरकी असते, मऊ लोंबत असते आणि पूर्ण आकाराला पोहोचल्यानंतरही काही काळ तिच्यात हरितद्रव्य भरलेले नसते. असे पान आकाराने पूर्ण वाढलेले दिसले, तरी त्याचे कोरडे वजन कमी भरते. नुकतेच पूर्ण वाढलेले, रंग पक्का झालेले आणि बोटांनी वाकवले असता कडकपणा जाणवणारे पान घ्यावे. कोवळ्या पानांचा अभ्यास करायचा असेल, तर तो स्वतंत्र अभ्यास समजावा. सावली सोसणाऱ्या जातींत पानाच्या संपूर्ण आयुष्यात कीटकांकडून होणाऱ्या नुकसानीपैकी निम्म्याहून बरेच अधिक नुकसान या अल्पशा कोवळ्या काळातच होते, त्यामुळे तोही महत्त्वाचा आहेच.

फार जुने पानही नको. वर्षावनातले पान वर्षानुवर्षे फांदीवर राहू शकते आणि तेवढ्या काळात त्याच्या वरच्या पृष्ठभागावर शेवाळे, दगडफूल आणि लिव्हरवर्टचा पातळ थर बसतो. उजेडाकडे धरल्यावर असे पान ठिपकेदार दिसते आणि नख फिरवले की करड्या-हिरव्या खपल्या निघतात. हा थर वजनात मोजला गेला, तर जुन्या पानांची जात उगाच ‘जड पानांची’ ठरते. थर ओल्या मऊ कापडाने पुसून निघत असेल तर पुसावा, नाहीतर ते पान सोडून द्यावे.

तिसरी गोष्ट झाडाचे वय. रोपाची पाने आणि प्रौढ वृक्षाची पाने पुष्कळ जातींत आकाराने, कधी कधी तर स्वरूपानेही वेगळी असतात. एका जातीची रोपे आणि दुसरीचे पूर्ण वाढलेले वृक्ष अशी सरमिसळ करू नये. खोडाचा छातीच्या उंचीवरील, म्हणजे जमिनीपासून 1.3 मीटरवरील व्यास प्रत्येक झाडासाठी नोंदवावा.

संयुक्त पानांचा प्रश्न आधीच सोडवावा. इंगाचे पान पर्णिकांच्या जोड्यांचे बनलेले असते, प्रत्येक जोडीच्या मध्ये मधुग्रंथी असते आणि अनेक जातींत पर्णिकांना जोडणाऱ्या दांड्याला दोन्ही बाजूंनी हिरवे पंख असतात. पान कुठे सुरू होते हे काखेतल्या कळीवरून ठरते: ज्याच्या बगलेत कळी आहे ते पान, जिच्या बगलेत नाही ती पर्णिका. संपूर्ण पान मोजायचे की एकच पर्णिका, देठ धरायचा की वगळायचा, यांपैकी काहीही निवडले तरी ते सर्व जातींसाठी एकसारखे असावे. शक्य तेव्हा पाते आणि देठ वेगळे करून दोन्हींचे वजन स्वतंत्र लिहावे. पुढे बेरीज करता येते, वजाबाकी मात्र करता येत नाही.

संख्येबाबत माझा सल्ला असा: प्रत्येक जातीची किमान 5 झाडे, प्रत्येक झाडाच्या 2 फांद्या आणि प्रत्येक फांदीची 3 पाने. याने जातीमागे 30 पाने होतात. एकाच झाडाची 30 पाने घेणे सोपे असते, पण त्यातून त्या झाडाविषयी कळते, जातीविषयी नाही. वेळ कमी पडला तर पाने कमी करावीत, झाडे कमी करू नयेत.

चौथी पायरी: फांदी खाली आणणे आणि ताजी ठेवणे

लांब दांड्याच्या कात्रीने साधारण दहा-बारा मीटरपर्यंतच्या फांद्या कापता येतात. त्याहून उंच झाडांसाठी मोठ्या गलोलीने दोरी फांदीवरून टाकून ती ओढून तोडणे, प्रशिक्षित माणसाने दोरावर चढणे, किंवा जिथे असेल तिथे वनछत्रापर्यंत पोहोचणारी क्रेन वापरणे असे पर्याय आहेत. झाडावर चढण्याचे काम प्रशिक्षणाशिवाय कोणीही करू नये, आणि फांदी तोडताना खाली कोणी उभे राहू नये.

कापलेल्या फांदीतून पाणी वेगाने उडते, म्हणून सुटी पाने न तोडता पानांसह फांदीचा तुकडा ओल्या टिपकागदात गुंडाळून बंद प्लास्टिक पिशवीत, अंधारात आणि गारव्यात ठेवावा. मोजणीच्या ठिकाणी आल्यावर फांदीचे टोक पाण्याखाली पुन्हा कापून किमान 6 तास, शक्यतो रात्रभर, अंधारात पाण्यात उभे ठेवावे, म्हणजे पाने पाण्याने पूर्ण भरतात. तोडल्यापासून 24 तासांच्या आत ताज्या पानाची मोजणी उरकावी. चीक असलेल्या जातींत कापलेल्या देठातून चीक गळत राहतो आणि स्कॅनरच्या काचेला चिकटतो. देठाचे टोक काही मिनिटे पाण्यात धरून मग पुसावे.

पाचवी पायरी: मोजमाप

क्रम महत्त्वाचा आहे: आधी ताजे वजन, मग जाडी, मग क्षेत्रफळ आणि शेवटी कोरडे वजन. पान टिपकागदाने हलक्या हाताने कोरडे करून मिलिग्रॅम दाखवणाऱ्या तराजूवर लगेच तोलावे. जाडी स्क्रूगेजने मध्यशीर आणि कडा यांच्या मध्यावर, ठळक शिरा टाळून, दोन-तीन ठिकाणी मोजावी आणि पान दाबले जाणार नाही याची काळजी घ्यावी.

क्षेत्रफळासाठी साधा कार्यालयीन स्कॅनर पुरतो. 300 डीपीआयवर स्कॅन केल्यास एका चौरस सेंटिमीटरमध्ये सुमारे 13,950 पिक्सेल येतात. इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरने पानाचे पिक्सेल मोजता येतात. प्रत्येक चित्रात पट्टी किंवा ज्ञात आकाराचा कागदी चौकोन ठेवावा, म्हणजे स्कॅनरची सेटिंग चुकून बदलली तरी ते लक्षात येते. वळलेले पान काचेखाली सपाट करावे, आणि स्कॅनरपेक्षा मोठे पान कापून तुकड्यांत घ्यावे. कीटकांनी खाल्लेली छिद्रे असलेली पाने या मोजणीसाठी शक्यतो टाळावीत.

त्यानंतर पान कागदी पाकिटात घालून ओव्हनमध्ये 70 अंश सेल्सिअसला किमान 72 तास वाळवावे. वर्षावनातल्या दमट हवेत वाळलेले पान ओव्हनमधून बाहेर काढताच पाणी शोषू लागते. म्हणून पाकिटे सिलिका जेल असलेल्या बंद डब्यात थंड करावीत आणि एकेक काढून तत्काळ तोलावीत. पन्नास पाकिटे टेबलावर मांडून सावकाश तोलत बसले, तर शेवटची पाकिटे पहिल्यांपेक्षा जड भरतात, आणि पाकिटे जातवार लावलेली असतील तर हा फरक जातींचा म्हणून नोंदला जातो. तोलण्याचा क्रम मुद्दाम सरमिसळ ठेवावा.

एक उदाहरण करून पाहू. समजा पानाचे क्षेत्रफळ 62 चौरस सेंटिमीटर, ताजे वजन 1.55 ग्रॅम, कोरडे वजन 0.558 ग्रॅम आणि जाडी 0.26 मिलिमीटर आहे. क्षेत्रफळ 0.0062 चौरस मीटर, म्हणून एलएमए 0.558 भागिले 0.0062, म्हणजे 90 ग्रॅम प्रति चौरस मीटर. कोरड्या व ताज्या वजनाचे गुणोत्तर 0.36, जे शोधनिबंधांत 360 मिलिग्रॅम प्रति ग्रॅम असे लिहिले जाते. आता पडताळा घ्यावा: क्षेत्रफळ गुणिले जाडी म्हणजे 1.61 घन सेंटिमीटर आकारमान, आणि ताज्या पानाची घनता 0.96 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. पानात हवेच्या पोकळ्या असल्याने हा आकडा 1 च्या आसपास किंवा त्याहून कमी असावा. तो 1.3 किंवा 1.4 आला, तर पान वेगळे आहे असे समजण्यापूर्वी जाडी किंवा क्षेत्रफळ पुन्हा मोजावे. हा पडताळा पान ओले असतानाच, त्याच दिवशी करावा. वाळल्यानंतर चूक दुरुस्त करता येत नाही.

जाडी मोजण्याचा आणखी एक उपयोग आहे. एलएमए म्हणजे जाडी गुणिले कोरड्या पदार्थाची घनता. दोन भावंड जातींचे एलएमए सारखेच 90 असेल, पण एकीचे पान जाड व पोकळ आणि दुसरीचे पातळ व दाट असेल, तर त्या दोन वेगवेगळ्या वाटांनी एकाच आकड्यापर्यंत आलेल्या आहेत. अशा वेळी फक्त एलएमए पाहणाऱ्याला हा फरक दिसतच नाही.

नायट्रोजन, फॉस्फरस यांची तपासणी प्रयोगशाळेत करून घ्यावी लागते. मिळालेला आकडा वजनामागे आहे की क्षेत्रफळामागे, हे काटेकोरपणे लिहावे. वरच्या पानात 2 टक्के नायट्रोजन असेल, तर क्षेत्रफळामागे तो 1.8 ग्रॅम प्रति चौरस मीटर होतो, आणि या दोन पद्धतींनी जातींचा क्रम बदलू शकतो.

सहावी पायरी: आकड्यांचा अर्थ लावणे

इयन राइट व सहकाऱ्यांनी 2004 साली जगभरातील 175 ठिकाणच्या 2,548 जातींची माहिती एकत्र करून दाखवले की पानांचे गुणधर्म एका अक्षावर मांडता येतात. एका टोकाला कमी एलएमए, भरपूर नायट्रोजन, वेगवान प्रकाशसंश्लेषण आणि अल्प आयुष्य असलेली पाने आहेत, तर दुसऱ्या टोकाला जड, संथ आणि दीर्घायुषी पाने. त्या माहितीत एलएमए सुमारे 14 पासून 1,500 ग्रॅम प्रति चौरस मीटरपर्यंत पसरलेले होते.

हा अक्ष उपयुक्त आहे, परंतु तो आपल्या वंशातही दिसेलच असे गृहीत धरू नये. एका वंशातील, एकाच जंगलातील जातींचे एलएमए त्या प्रचंड पट्ट्याचा अगदी छोटा भाग व्यापते, आणि एवढ्या अरुंद भागात जागतिक कल सहज हरवू शकतो. तसे झाले तर ते अपयश नव्हे. कल कोणत्या पातळीवर टिकतो आणि कोणत्या पातळीवर मोडतो, हीच नोंदवण्याजोगी गोष्ट आहे.

सातवी पायरी: फरकाची वाटणी

विश्लेषणाआधी एलएमए, क्षेत्रफळ यांसारख्या आकड्यांचे लॉगरिदम घ्यावे, कारण या गुणधर्मांतले फरक बेरजेचे नसून पटीचे असतात. त्यानंतर एकूण फरकाची वाटणी पातळीनुसार करावी: जातींमधला किती, झाडांमधला किती, फांद्यांमधला किती आणि एकाच फांदीच्या पानांमधला किती. ‘आर’ या सांख्यिकी सॉफ्टवेअरमधील मिश्र प्रतिमानांनी, म्हणजे प्रत्येक पातळीचा फरक वेगळा काढणाऱ्या पद्धतींनी, हे करता येते. ज्युली मेसियर व सहकाऱ्यांनी 2010 साली पनामातील जंगलांसाठी अशी वाटणी केली, तेव्हा जातींच्या खालच्या पातळ्यांवरचा फरक दुर्लक्ष करण्याइतका लहान मुळीच नाही, हे स्पष्ट झाले. 2015 मध्ये जगभरातील माहितीवर झालेल्या विश्लेषणात एका वनस्पतिसमुदायातील एकूण फरकापैकी सरासरी सुमारे एक चतुर्थांश फरक जातींच्या आतला होता. मात्र नात्यातल्या जाती एकमेकींच्या जवळ असतात, त्यामुळे तुमच्या माहितीत जातींच्या आतला वाटा याहून मोठा आला तर आश्चर्य वाटायला नको.

पुढे नात्याचा हिशेब येतो. भावंड जाती ही सांख्यिकीच्या दृष्टीने स्वतंत्र निरीक्षणे नसतात. जोसेफ फेल्सेनस्टाइन यांनी 1985 साली तुलनेत नात्याचा हिशेब धरण्याचा मार्ग मांडला आणि आज त्याचे अनेक प्रकार तयार सॉफ्टवेअरमध्ये मिळतात. परंतु त्यासाठी वंशवृक्ष, म्हणजे कोणती जात कोणाच्या किती जवळची हे दाखवणारी आकृती, लागते, आणि नवोदित नेमके इथे फसतात. मोठ्या तयार वंशवृक्षात आपल्या जातींची नावे टाकून मिळणाऱ्या आकृतीत कुले आणि वंश सहसा ठीक जागी असतात, पण एका वंशातल्या अनेक जाती एकाच बिंदूतून फुटलेल्या दाखवलेल्या असतात, कारण त्यांच्या आपसांतील नात्याची माहितीच त्यात नसते. आपला सारा अभ्यास वंशाच्या आतला असल्याने अशी आकृती जवळजवळ निरुपयोगी ठरते. म्हणून वंश निवडतानाच त्याच्या जातींचा डीएनएवर आधारित वंशवृक्ष प्रसिद्ध झालेला आहे का, हे पाहावे.

ब्लॉमबर्ग यांचा ‘के’ किंवा पेजेल यांचा ‘लॅम्बडा’ या आकड्यांनी नात्याचा ठसा, म्हणजे जवळच्या नात्यातील जाती किती सारख्या आहेत हे, मोजता येते, पण जाती सुमारे 20 पेक्षा कमी असतील तर या चाचण्यांना ठसा पकडण्याची ताकद फारशी उरत नाही. आठ जातींवर चाचणी करून ‘नात्याचा परिणाम नाही’ असे लिहू नये. जाती कमी असतील तर जोड्यांची पद्धत अधिक प्रामाणिक आहे: प्रत्येक जोडीत एक जात एका अधिवासातली आणि तिची जवळची नातेवाईक दुसऱ्या अधिवासातली. मात्र जोड्या किमान 6 हव्यात. पाचही जोड्यांत फरक एकाच दिशेने आला, तरी तो निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता 6.25 टक्के असते, जी रूढ 5 टक्क्यांच्या मर्यादेबाहेर जाते. सहा जोड्यांत ती सुमारे 3.1 टक्के होते.

आठवी पायरी: नोंदी

एक ओळ म्हणजे एक पान, हा नियम पाळावा. सरासरी काढून मगच तक्ता भरण्याची सवय लागली, तर फरकाची वाटणी कधीच करता येणार नाही. प्रत्येक ओळीत जात, झाडाचा क्रमांक, फांदी, पान, उंची, प्रकाशाचा आकडा, खोडाचा व्यास, तारीख, मोजणाऱ्याची आद्याक्षरे, देठ धरला की नाही आणि संपूर्ण पान की पर्णिका, हे सर्व असावे. एकके स्तंभाच्या नावातच लिहावीत. दर दहा पानांमागे एक पान दुसऱ्या व्यक्तीने, पहिले आकडे न पाहता, पुन्हा मोजावे. या दोन मोजण्यांतला फरक जातींमधल्या फरकाच्या जवळपास असेल, तर पुढचे विश्लेषण थांबवून मोजणीच्या पद्धतीकडे परत जावे.

काम पूर्ण झाल्यावर ही मूळ माहिती 2007 पासून चालू असलेल्या ‘ट्राय’ या वनस्पतींच्या गुणधर्मांच्या जागतिक संग्रहात देता येते. तेथे तिचा पुढे किती उपयोग होतो, हे प्रामुख्याने दोन स्तंभांवर ठरते: प्रकाशाचा आणि देठाचा. एलएमएचा आकडा असूनही पान उन्हातले की सावलीतले आणि वजन देठासह की देठाविना, हे लिहिलेले नसेल, तर तो आकडा दुसऱ्या कोणाच्या आकड्याशेजारी ठेवता येत नाही.